मागचा रॉड

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं, पण विषय सांगितला की घरची मंडळी हसतात. विषय आहे मोटारीच्या मागच्या चाकांमधला एक वाकडा लोखंडी गज. पुस्तकात त्याला अँटी-रोल बार म्हणतात, अमेरिकेत स्वे बार, आणि आमच्या नाशकातल्या मेस्त्रींच्या तोंडी बॅलन्स रॉड. मला हे तिसरं नाव जास्त आवडतं, कारण त्यात खरं काम सांगितलेलं आहे. "रोल" थांबवणं हे त्याचं वरवरचं काम. खरा मामला बॅलन्सचा, म्हणजे वाटणीचा.

जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या शौकिनांत या मागच्या रॉडवरून जेवढे वाद होतात तेवढे इंजिनावरूनही होत नसतील. कुणी म्हणतं जाड टाका, कुणी म्हणतं काढून फेका. गंमत म्हणजे दोघंही बरोबर असू शकतात. आणि हे समजून घ्यायला फेरारीच्या गावी जायला नको. आपल्या रस्त्यांवर एकेकाळी धावलेल्या दोन साध्यासुध्या गाड्या, स्टँडर्ड हेराल्ड आणि फिएट, यांच्या पोटाखाली वाकून बघितलं तरी पुरे आहे. दोघींची स्पोर्ट्स भावंडं परदेशात नाव काढून गेली. आणि मागच्या रॉडच्या बाबतीत दोघी अगदी दोन टोकांना होत्या.

आधी रॉड काय करतो ते बघू. इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला स्प्रिंगच्या पोलादाचा गज. मधला भाग रबरी बुशांत धरलेला, दोन टोकं दोन चाकांशी जोडलेली. दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढली की गज आपल्या बुशांत नुसता फिरतो, काहीच करत नाही. पण वळणावर गाडी कलली की एक टोक वर जायला बघतं, दुसरं खाली, आणि गज पिळला जातो. पोलादाला पीळ आवडत नाही, ते विरोध करतं, म्हणून गाडी कमी कलते. इतकं सगळ्यांना समजतं, आणि बहुतेकांची समजूत इथेच थांबते: कमी कल म्हणजे जास्त पकड.

तसं नाही हो. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. एकूण किती सरकणार हे ठरतं ते मुख्यतः गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळणाचा वेग यांवरून. रॉड घाला नाहीतर काढा, त्या बेरजेत फारसा फरक पडत नाही. रॉड ठरवतो तो हिशेब पुढच्या जोडीने किती सोसायचा आणि मागच्या जोडीने किती, हा. समजा एकूण २०० किलो सरकणार आहे. मागचा रॉड जाड केला तर त्यातला मोठा वाटा मागच्या जोडीच्या माथी येतो आणि पुढची जोडी तेवढी मोकळी होते. आता टायरचा स्वभाव असा, की त्याच्यावर दुप्पट भार टाकला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच राहते. म्हणजे ज्या जोडीत एका चाकावर फार आणि दुसऱ्यावर कमी, त्या जोडीची मिळून पकड घटते.

म्हणून मागे जाड रॉड टाकला की गाडीचं मागचं टोक आधी सुटतं. पुढचं नाक वळणात छान शिरतं, चालवणाऱ्याला वाटतं वा, काय वळते! आणि ते खरंही असतं, मागचं टोक धरून आहे तोवर.

स्वीडनपासून मद्रासपर्यंत सगळ्या मोटारवाल्यांना हे शिकायला काही दशकं लागली. अशा गजाचं पेटंट स्टीफन कोलमन नावाच्या माणसाने घेतलं. तो कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या फ्रेडरिक्टनचा, आणि तारीख २२ एप्रिल १९१९. पण त्या काळात गाड्यांना पुढे-मागे दोन्हीकडे जाड पाट्यांवर बसवलेले सलग आस होते. पाटेच इतके कडक की कल हा प्रश्नच नव्हता, हाडं खिळखिळी होणं हा प्रश्न होता.

रॉडची खरी गरज पडली ती १९३०च्या दशकात, पुढची चाकं स्वतंत्र झाली तेव्हा. रोल्स रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेला मॉरिस ऑली हा इंजिनिअर तेव्हा या विषयात बुडालेला होता. अंडरस्टिअर आणि ओव्हरस्टिअर हे शब्द रूढ करण्याचं श्रेय त्याच्याकडे जातं. पुढे मऊ स्प्रिंगा आणि मोकळी चाकं दिल्यावर पुढचं टोक कलायला तयार, मागचं जुनं टोक ताठ. म्हणजे वळणावरचा भार मागचीच जोडी जास्त सोसणार आणि आधी सुटणार. यावर इलाज काय, तर पुढे रॉड. म्हणून इतिहासात पुढचा रॉड आधी आला आणि सर्वत्र पसरला. मागचा मात्र कायम "द्यावा की न द्यावा" या यादीत राहिला. मागचं टोक सुटलेली गाडी सामान्य माणसाला सावरत नाही. पुढचं टोक सुटलं तर माणूस घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो आणि बहुतेक वेळा गाडी आपोआप मार्गावर येते. कारखान्यांनी हे पाहिलं आणि बहुतेक घरगुती गाड्या मुद्दाम नाकाने सुटणाऱ्या केल्या.

आता हेराल्ड. माझ्या लहानपणी आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे ही गाडी होती. तिचं पुढचं सगळं नाक, मडगार्डांसकट, पुढच्या बाजूला उघडायचं आणि आम्हा पोरांना वाटायचं की गाडी जांभई देतेय. गल्लीत एका दमात वळायची, कारण तिचं वळणवर्तुळ अवघं २५ फुटांच्या आसपास. ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडमध्ये १९५९ला आली. जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियनाने तिची रूपरेखा केली. १९६१पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने ती आपल्याकडे बनवली. चार दारांची हेराल्ड तर फक्त भारतातच झाली. हिचीच चासी आखूड करून इंग्लंडात १९६२ला ट्रायम्फ स्पिटफायर निघाली, जी आज जगभरच्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या मेळाव्यांत लाडाची असते. म्हणजे डॉक्टरसाहेब ज्या गाडीतून व्हिजिटला जायचे ती स्पिटफायरची सख्खी थोरली बहीण!

दोघींच्या मागच्या चाकांची रचना मात्र दगाबाज. तिला स्विंग ॲक्सल म्हणतात. मध्ये डिफरन्शियल चासीला पक्कं, त्यातून दोन बाजूंना दोन दांडे, आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला चाक. दांडा आतल्या सांध्यावर दारासारखा झुलतो, त्यामुळे चाक वर-खाली होताना तिरपंही होतं. जोरात वळलं की बाहेरचं मागचं चाक गाडीच्या पोटाखाली मुडपायला बघतं, गाडीचा मागचा भाग उचलला जातो, उचलला की चाक आणखी मुडपतं. हेराल्ड आणि स्पिटफायरमध्ये वर एक आडवा पाटा होता, मध्ये डिफरन्शियलवर घट्ट बसवलेला. तो दोन्ही चाकांची स्प्रिंग तर होताच, शिवाय घट्ट बसवल्यामुळे कलालाही कडक विरोध करायचा. म्हणजे मागे रॉड नसतानाही रॉडचं काम होत होतं, आणि नेमकं नको तिथे होत होतं.

असल्या गाडीच्या मागे आणखी एक यू-आकाराचा रॉड बसवणं म्हणजे तापलेल्या तव्यावर बसायला पाट देण्यासारखं. हिला हवा होता उलटा इलाज. फोक्सवॅगनने १९६७च्या बीटलच्या मागे तो केला. यू-ऐवजी इंग्रजी झेडसारखा वाकवलेला गज. एकच चाक वर गेलं तर तो अडवत नाही, पण दोन्ही चाकं एकदम खाली लोंबून मुडपायला निघाली की धरून ठेवतो. ट्रायम्फने १९७०च्या स्पिटफायर मार्क फोरमध्ये याहून सोपं केलं. आडव्या पाट्याच्या थरांपैकी एकच पक्का ठेवला आणि बाकीचे मध्यावर सी-सॉसारखे झुलू दिले. खड्ड्यात स्प्रिंग तशीच, पण गाडी कलताना मागून विरोध जवळजवळ नाही. कल आवरण्याचं काम पुढच्या रॉडवर सोपवलं आणि तो जाड केला. एका प्रसिद्ध स्पोर्ट्स गाडीची सगळ्यात मोठी सुधारणा म्हणजे मागचा ताठपणा काढून टाकणं! मला ही गोष्ट फार आवडते.

अमेरिकेत याच दगाबाज सांध्याने एक प्रकरण घडवलं. शेवरोलेची कॉर्व्हेअर १९६०ला आली. इंजिन मागे, स्विंग ॲक्सल मागे, आणि साध्या मॉडेलला पुढचा रॉडसुद्धा नाही. कंपनीने तोल सांभाळला तो हवेच्या दाबावर: पुढच्या टायरांत १५ पौंड, मागच्यांत २६. आता सांगा, पेट्रोल पंपावर हवा भरणारा पोरगा असला भेदभाव कधी पाळेल का? तो चारही चाकांत सारखीच हवा मारणार, तिथेही आणि मुंबई नाक्यावरही. १९६४ला पुढे रॉड आणि मागे मुडपणं अडवणारा आडवा पाटा आला, १९६५ला मागची रचनाच बदलली. त्याच वर्षी राल्फ नेडरचं 'अनसेफ ॲट एनी स्पीड' प्रसिद्ध झालं आणि त्याचं पहिलंच प्रकरण कॉर्व्हेअरवर. न्यायाने हेही सांगायला हवं की १९७२च्या सरकारी अहवालात ही गाडी त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती असा निष्कर्ष निघाला. पण तोवर ती बंद पडून तीन वर्षं झाली होती.

आपल्याकडे हेराल्डचं काय झालं? मद्रासवाल्यांनी १९७२ला गझेल आणली, तेच ९४८ सीसीचं इंजिन, पण मागे सरळ सलग आस. स्विंग ॲक्सलवर बऱ्याच गिऱ्हाइकांचा भरवसाच नव्हता. इंग्लंडात अभियंत्यांनी पाटा झुलता केला, इथे गिऱ्हाइकाने सांधाच नाकारला. कुणाचं शहाणपण मोठं हे मला ठरवता येत नाही. आपल्या रस्त्यांना आपलाच इलाज बरा होता असं वाटतं खरं.

सलग आसाच्या गाडीत चाकं एका दांड्याच्या दोन टोकांना, त्यामुळे ती गाडीबरोबर तिरपी होत नाहीत. तिथे मागचा रॉड खरोखर उपयोगी पडू शकतो, पण पुढच्याशी जोडी जमवून. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण एमजीबी. १९६२ला आलेली ही दोन माणसांची उघडी गाडी. १९७४च्या अखेरीस अमेरिकेतल्या बंपरच्या नियमांसाठी तिला जाडजूड रबरी बंपर आले आणि सगळी गाडी इंचभर उंच केली गेली. उंच केली म्हणजे गुरुत्वमध्य वर, म्हणजे वळणावर जास्त भार सरकणार. अशा वेळी कंपनीने काय करावं? पैसे वाचवायला पुढचा रॉडच काढून टाकला! १९७५च्या मॉडेलला तो फक्त मागणीप्रमाणे मिळायचा. गाडी नावेसारखी झुलायला लागली, बोंब झाली. शेवटी १९७७च्या मॉडेलला पुढे-मागे दोन्ही रॉड देऊन कशीबशी अब्रू सावरली. एमजीबीला मागचा रॉड कायमचा मिळाला तो असा, वयाच्या पंधराव्या वर्षी, दुसऱ्याच कुणाच्या चुकीची भरपाई म्हणून.

याउलट १९६१च्या जॅग्वार ई-टाइपला तो जन्मापासून होता. पोर्शे ९११ला १९६७च्या ९११एस या जलद मॉडेलबरोबर मागचा रॉड मिळाला. मागे इंजिन लोंबत असलेल्या गाडीला मागचा रॉड म्हणजे आगीत तेल वाटेल. पण तिच्या मागच्या चाकांची रचना अशी की गाडी फार कलली तर चाकं नीट उभी राहत नाहीत, म्हणून कल आवरणं हाच फायद्याचा सौदा होता. पुढचा रॉड होताच जोडीला. शिवाय ९११एस घेणारा माणूस चालवायला जाणतो असं गृहीत होतं. (ते दर वेळी खरं निघालं नाही.)

आता आपल्या फिएटकडे येतो. एवढा वेळ तिच्यासाठीच थांबलो होतो.

फिएट ११००ची नवी पिढी मार्च १९५३मध्ये जिनिव्हाला दाखवली गेली. पुढे स्वतंत्र चाकं आणि रॉड, मागे सलग आस, लांब पाटे, आणि मागेही रॉड. ही दूध-भाजी आणायची गाडी, आणि एमजीबीच्या आधी तिला दोन रॉड! तिच्याच सांगाड्यावर १९५५ला फिएटने ट्रास्फॉर्माबिले नावाची दोन आसनी उघडी गाडी काढली. तिच्या ११०० टीव्ही या चपळ भावंडाने मिले मिलियाच्या शर्यतीत भाग घेतला. (टीव्ही म्हणजे तुरिस्मो वेलोचे, दूरदर्शन नव्हे.) भारतात ती कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९५४पासून तयार होऊ लागली. ही कंपनी वालचंद हिराचंदांच्या उद्योगातली, १९४४ची. आपल्या मालेगाव तालुक्यातला रावळगावचा साखर कारखानाही त्यांचाच, म्हणजे ज्या माणसाने आम्हाला गोळ्या खाऊ घातल्या त्यानेच फिएटमध्ये बसवलं. पुढे ११००डी आली आणि १९७४पासून तिचं नाव झालं प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसी. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथे फिएट आणि हेराल्ड दोघीही सालं सोलून, कमरेत वाकून धावायच्या.

नाशिककरांना मात्र फिएट आठवते ती टॅक्सी म्हणून. लोकलने कसाऱ्यापर्यंत यायचं आणि तिथून शेअर टॅक्सीने घाट चढून नाशिक. मागे चार, पुढे ड्रायव्हर धरून तीन, डिकीत आणि कॅरिअरवर बोचकी. पावसाळ्यात धुक्यात समोरचं काही दिसत नाही, वायपर एकच चालतो, आणि ड्रायव्हर मात्र गप्पा मारतोय. मी अशा कितीतरी फेऱ्या केल्या. त्या टॅक्स्यांपैकी अनेकींच्या मागे हा रॉड नव्हताच, हे मला फार नंतर कळलं.

सांगितलं ते द्वारकेजवळच्या आमच्या जुन्या मेस्त्रींनी. त्यांच्या हाताखालून शेकड्याने फिएट गेल्या असतील. म्हणाले, "साहेब, टॅक्सीला तो रॉड म्हणजे घरजावई. काम थोडं, आवाज फार." बुश झिजले की खडखड सुरू, पॅसेंजर विचारणार गाडी ठीक आहे ना. नवे बुश घालायचे तर अर्धा दिवस धंदा बुडणार. मग काय, दोन नट काढले आणि रॉड भंगारात. मी विचारलं, वळणावर फरक नाही पडायचा? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी घाटात कधी टॅक्सीत बसलोच नाही. "भरलेल्या गाडीत कसलं वळण नि कसला फरक? आम्ही एक पाटा वाढवायचो ना."

हे वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं. गेल्या वर्षी ते एकदम आठवलं.

झालं असं की माझ्या पुतण्याने सिन्नरकडच्या एका शेडमधून १९७८ची पद्मिनी आणली. मागच्या सीटवर कोंबड्यांचं बिऱ्हाड होतं. इंजिन खोललं, पत्रा झाला, आणि एक दिवस त्याचा फोन: "काका, मागचा बॅलन्स रॉड नाहीच आहे. नुसते पट्टे शिल्लक आहेत." त्याने इंटरनेटवर एमजी आणि ट्रायम्फवाल्यांचं बरंच वाचलं होतं, आणि मूळ मापाच्या ऐवजी दोन-तीन मिलिमीटर जाड रॉड करून घ्यायचं त्याच्या डोक्यात बसलं होतं. सातपूरला करून देणारेही मिळाले होते. "वळणावर गाडी हलतच नाही म्हणे."

दोन-तीन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. पण गजाचा पीळ सोसण्याचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १६ मिलिमीटरचा गज १९चा केला तर ताठपणा जवळजवळ दुप्पट. १८चा २० केला तरी दीडपट. मी त्याला म्हटलं, तू मागच्या जोडीचा हिशेब दुप्पट करतोयस, पुढचा रॉड मूळचाच ठेवून. कोरड्या रस्त्यावर एकटा असशील तेव्हा मजा येईल. जुलै महिन्यात इगतपुरीच्या पुढे, घरची चार माणसं बसवून, उतारावर वळणात पाय ॲक्सिलरेटरवरून काढलास तर? मागचं आतलं चाक हलकं होईल, बाहेरचं एकटं सोसेल, आणि ते सुटलं तर तुझ्याकडे ना रुंद टायर आहेत ना सराव.

पण त्याच फोनवर मला मेस्त्रींचा तो जादा पाटा आठवला. मी म्हटलं, आधी मागचे पाटे मोज. दुसऱ्या दिवशी फोटो आला. दोन्ही बाजूंना एकेक पाटा नंतरचा. रंग वेगळा, टोकाची कापणी वेगळी. म्हणजे गाडी कधीतरी भाड्याने धावलेली, किंवा निदान भाड्याने धावणाऱ्यांच्या मेस्त्रीकडे गेलेली.

इथे सगळा इतिहास एका फोटोत होता. पाटा कडक केला की तो नुसता भार उचलत नाही, कलालाही विरोध करतो, हेराल्डच्या आडव्या पाट्यासारखाच. रॉड काढल्याने मागचा जो ताठपणा गेला, त्यातला काही भाग त्या पाट्याने परत आणला होता. आमच्या मेस्त्रींना चौथा घात ठाऊक नव्हता, पण त्यांची गाडी घाटात बऱ्यापैकी जमून होती. फरक इतकाच की रॉड सरळ रस्त्यावर गप्प बसतो, जादा पाटा रिकाम्या गाडीत प्रत्येक खड्ड्याला दणका देतो. आणि अशा गाडीला पुतण्याने वरून जाड रॉड बसवला असता, तर मागचा ताठपणा तूरिनच्या माणसांनी ठरवला त्याच्या कितीतरी पलीकडे गेला असता. जादा पाटा ठेवून अगदी मूळ मापाचा रॉड बसवला असता तरीही तो जास्तच झाला असता.

यावर आमचा चांगला आठवडाभर वाद झाला. वहिनींनी मध्ये पडून विचारलं, गज आणताय की गाडी चालवताय. पुतण्याचं म्हणणं, पाटा राहू दे, रॉड नको, टॅक्स्या चालल्याच ना इतकी वर्षं. मुद्दा बिनतोड होता. पण त्या टॅक्स्या सदा भरलेल्या, आणि ही बहुतेक वेळा एकट्या माणसाला घेऊन फिरणार. शेवटी ठरलं ते असं: दोन्ही बाजूंचा जादा पाटा काढायचा, पुढच्या रॉडचे बुश बदलायचे, आणि मागे मूळ मापाचाच रॉड शोधायचा.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली, तेव्हा सुटे भाग काही मोकळ्या बाजारात आले होते. रॉड मिळाला तो कुर्ल्याच्या भंगार बाजारात, जिथे गाडी जन्मली त्या कारखान्यापासून फार लांब नाही. पुतण्या तो समृद्धी महामार्गाने घेऊन आला. २०२५च्या जूनमध्ये इगतपुरी ते आमणे हा टप्पा सुरू झाल्यापासून जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून सरळ येता येतं, घाट लागतच नाही. मी त्याला म्हटलं, परीक्षा घ्यायची तर जुन्या रस्त्यानेच घे.

रॉड सरळ आहे, टोकं शाबूत आहेत. पण मधल्या भागावर, जिथे बुश बसतो तिथे, झिजून गोल खाचा पडल्या आहेत आणि एका खाचेत गंजाने खड्डा केला आहे. मेस्त्री म्हणतात घासून रंग मारा, चालेल. पीळ रोज त्याच जागी पडणार आणि पोलाद तडकतं ते अशाच खड्ड्यापासून, म्हणून मी दुसरा शोधायला सांगितला आहे.